चिमणहौदाचं पाणी आणि पोपटरावांचा कान

पुण्यात "मला कळलं नाही" हे वाक्य शेवटचं कोणी आणि कधी उच्चारलं, याची नोंद कुठल्याही दप्तरात सापडायची नाही. रस्ता विचारा, माहीत नसला तरी माणूस सांगेल, आणि वर "एवढंही ठाऊक नाही?" असा चेहरा करून सांगेल. ही गोष्ट जरा ध्यानात ठेवा, कारण पोपट ओव्हाळ यांच्या बाबतीत जो काही घोळ झाला तो या एका सवयीपायी झाला. आणि घोळ घालणाऱ्यांत ते स्वतःही होतेच, ते काही वेगळ्या गावचे नव्हेत.

पोपटराव कॉर्पोरेशनच्या पाणीपुरवठ्यात चावीवाले होते. चौतीस वर्षं. चावीवाला म्हणजे भल्या पहाटे सायकलवरून येऊन, रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलून, चार फुटी चावी आत घालून पेठेचं पाणी सोडणारा माणूस. पाणी आलं तर लोक नळाखाली बादली लावतात, चावीवाला कोणाच्या ध्यानीमनीही नसतो. नाही आलं की मात्र पहिला प्रश्न, "तो पोपट्या कुठे कडमडला?" चौतीस वर्षं हे ऐकून घेतलं, पण माणूस कडू झाला नाही. उलट म्हणायचे, "अहो, शिव्या घालायला का होईना, सगळ्या पेठेला माझं नाव पाठ आहे. नगरसेवकाचं तरी असतं का?"

चावी चालवायला त्यांना शिकवलं कचरूअण्णांनी, म्हणजे त्यांच्या आधीच्या चावीवाल्यांनी. अण्णांची एक पद्धत होती. चावीचं खालचं टोक नळावर टेकवायचं आणि वरच्या टोकाला कान लावायचा. भरला नळ गुणगुणतो, गळका नळ फुसफुसतो. अण्णा म्हणायचे, "नकाशा हापिसात ऱ्हातो पोपट, पानी कानात ऱ्हातं." हे पोपटरावांनी असं काही घोटवून घेतलं की पुढे पुढे रस्ता न खणता ते खडूने खूण करायचे आणि गळती बरोबर तिथेच निघायची. इंजिनिअर साहेबसुद्धा आधी खडूची खूण बघायचे, मग नकाशा.

निवृत्तीला वर्ष राहिलं होतं तेव्हाची गोष्ट. सदाशिव पेठेतल्या एका बोळात मंदाकिनी आगाशे नावाच्या बाई दहाबारा माणसांना जुनी पेठ दाखवत होत्या. बाई शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. रविवारी सकाळी लोकांना पायी हिंडवून दगड, दारं, खिडक्या दाखवायचा त्यांनी नुकताच घाट घातला होता. एका विटांच्या बुटक्या खांबासमोर उभ्या राहून त्या सांगत होत्या की ही जुन्या देवळाची दीपमाळ. पोपटराव सायकलवरून चालले होते. एक पाय टेकवून म्हणाले, "बाई, दीपमाळ नव्हे ती."

"मग काय आहे?"

"उच्छ्वास आहे. कात्रजच्या तळ्यातनं पेशव्यांनी पाणी आणलं ना, त्याचा नळ इथनं खाली गेलाय. नळात हवा कोंडली तर पाणी अडतं, म्हणून तिला बाहेर सोडायला हा खांब. दीपमाळेला पणत्या ठेवायला हात असतात. याला आहेत का?"

आगाशेबाईंनी खांबाकडे पाहिलं. बारा माणसांनी पाहिलं. हात नव्हते. बाई अस्सल पेठेतल्या, त्यांनी "माझं चुकलं" म्हटलं नाही. म्हणाल्या, "पुढच्या रविवारी सातला या. चहा मी देते." पोपटराव गेले, आणि तेव्हापासून आठ वर्षं जातच राहिले.

निवृत्तीनंतर मुलाने, प्रज्ञेशने, कात्रजला फ्लॅट घेतला आणि सगळं कुटुंब तिकडे गेलं. म्हणजे पाणी जिथून निघतं तिथेच पोपटराव राहायला गेले. रविवारी पहिल्या बसने पेठेत यायचं. "पाणीही कात्रजहून येतं, मीही कात्रजहून येतो," ते नव्या लोकांना सांगायचे, "फरक एवढाच, पाण्याला तिकीट लागत नाही." लोक हसायचे. हा विनोद त्यांनी सात वर्षांत साडेतीनशे वेळा केला असेल, आणि दर वेळी त्यांना तो नवाच वाटायचा. सुखी माणसाचं हे एक लक्षण आहे.

या फेरीचा शेवट व्हायचा चिमणहौदापाशी. एका अरुंद बोळाच्या टोकाला, मोठ्या जुन्या इमारतीच्या मागे, जमिनीत उतरलेला हा एवढासा हौद. वर दगडी झाकण, झाकणात ओंजळभर भोक. आत कात्रजचं पाणी एका बाजूने यायचं आणि दुसऱ्या बाजूने, काठोकाठ भरलं की, जमिनीखालूनच गटाराला जाऊन मिळायचं. येणारा नळ खोल, पाण्याखाली, त्यामुळे वरून पाहिलं तर नुसतं काळं पाणी दिसे. ते चालू आहे की साचलेलं, हे कळायला एकच उपाय, कान. पोपटराव आपली जुनी चावी, कॉर्पोरेशनच्या भंगारातून मागून घेतलेली, झाकणाच्या भोकातून आतल्या नळावर टेकवायचे आणि एकेकाला बोलवायचे. "या, कान लावा. येतंय ऐकू? पावणेतीनशे वर्षं चालतंय ते."

कॉलेजातली पोरं, आयटीतली जोडपी, अमेरिकेतून आलेले मामा, सगळे वाकून कान लावायचे आणि त्यांचे चेहरे बदलायचे. ते पाहायला पोपटराव जगत होते म्हणा ना.

मग शेवटची गोष्ट. ती ते बसून सांगायचे, आवाज न चढवता. "माझी पणजी या बोळाच्या तोंडाशी घागर घेऊन उभी राहायची. आत यायचं नाही, हौदाला शिवायचं नाही. कोणाला दया आली तर वरून ओतायचं. दुपारपर्यंत उभी. तिच्या पणतवाच्या हातात पुढे सबंध पेठेची चावी आली. मी चौतीस वर्षांत कोणाचं पाणी अडवलं नाही. ज्यांनी शिव्या दिल्या त्यांचंही नाही." एवढं बोलून ते उठायचे आणि पँट झटकायचे. टाळ्या वाजवायचं कोणाला सुचायचं नाही.

आता कानाचं सांगतो.

दीड वर्षापूर्वी पोपटरावांचा कान जायला लागला. एकदम नव्हे. आधी बारीक आवाज गेले, मग बायकांचे, मग कुकरची शिट्टी. समोर तोंड असलं की त्यांना कळायचं, पाठीमागून हाक मारली तर नाही. घरात टीव्ही असा लागायचा की त्यांची बायको सुंदराबाई म्हणायची, "बातम्या आपल्या एकट्याला पुरतील एवढ्याच लावा, सगळ्या कात्रजला कशाला?" सून चैताली हिने कानाच्या डॉक्टरांची वेळ तीनदा घेतली. पोपटराव तीनदा नेमके त्याच दिवशी कामात निघाले. निवृत्त माणसाला काय काम असतं, हे विचारायची सोय नव्हती.

अहो, ज्याने उभा जन्म कानावर काढला त्याने कान गेला म्हणून कोणत्या तोंडाने सांगावं? सांगितलं की फेरी गेली. आगाशेबाई प्रेमाने म्हणतील, "आता विश्रांती घ्या." आणि विश्रांती म्हणजे काय ते त्यांनी शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांत पाहिलं होतं. म्हणून त्यांनी युक्त्या काढल्या. लोकांना समोरच उभं करायचं. बोलत राहायचं, म्हणजे कोणी विचारायच्या भानगडीत पडत नाही. "प्रश्न शेवटी" असा नियम केला आणि शेवटी वेळ संपायची. हौदापाशी आधी स्वतः कान लावायचे, डोळे मिटून मान डोलवायची, "वा!" म्हणायचं, आणि मग लोकांना बोलवायचं. लोकांच्या चेहऱ्यावर त्यांना पाणी दिसायचं. तेवढं पुरे होतं.

अशातच चिमणहौदावर गदा आली. पुढची जुनी इमारत पाडून नवी बांधायची ठरली. नकाशात हौदाच्या जागी चारचाकींचं पार्किंग. इमारतवाल्यांचं म्हणणं, "साचल्या पाण्याचा खड्डा आहे, डास होतात, मुरूम टाकून बुजवा." आगाशेबाईंनी जुन्या वास्तूंच्या समितीकडे अर्ज केला की हौदातलं पाणी साचलेलं नाही, कात्रजचं चालू पाणी आहे. चालू पाणी असेल तर हौद यादीत जाईल आणि वाचेल, नसेल तर खड्डा तो खड्डा. अर्जाला पोपटरावांचा जबाब जोडला होता: "मी दर रविवारी स्वतः ऐकतो. पाणी अखंड चालू आहे." खाली सही, आणि सहीखाली 'चावीवाला, निवृत्त' असं ठसठशीत. समितीने कळवलं, जानेवारीच्या शेवटच्या रविवारी येतो, तुमच्याबरोबर चालतो, ऐकतो.

त्याच्या आदल्या रविवारी सुंदराबाई पहिल्यांदा फेरीला आली. आठ वर्षांत कधी आली नव्हती. "दगडं बघायला कशाला जाऊ? आमच्या गावाला दगडाबिगर हायच काय?" असं तिचं म्हणणं. पण या खेपेस नवऱ्याने समितीचं एवढं कौतुक केलं होतं की ती चांगलं लुगडं नेसून निघाली. सगळ्या पेठेतून चालली. हौदापाशी चौदा माणसांनी कान लावला. चौदाही जण म्हणाले, "हो हो! वा! झुळझुळ!" एक गृहस्थ तर म्हणाले, "यात मला एक लय जाणवते." शेवटी सुंदराबाईने कान लावला. बराच वेळ लावला. उठली, पदर सारखा केला आणि चालायला लागली.

घरी आल्यावर तिने आधी टीव्ही बंद केला. मग जेवायला नवऱ्यासमोर बसून, तोंड नीट दिसेल अशी, म्हणाली, "अहो, तिथं पानी न्हवतं."

"काय?"

"पानी न्हवतं म्हनते. लोकांच्या बुटांचा आवाज आला, कबुतरं आली ऐकू. पानी न्हाई."

पोपटराव खवळले. "चौदा माणसांनी ऐकलं! शिकलीसवरलेली माणसं!"

"चौदा मानसं चावीला कान लावून तुमच्या तोंडाकडं बघत हुती," सुंदराबाई म्हणाली. "तुम्ही एवढं डोळं मिटून वा म्हनल्यावर न्हाई कोन म्हनंल? आन तुम्हाला तरी कुठं ऐकू येतंय?"

ते ताटावरून उठून गेले. तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं, पण घरात कोणी ते वाक्य आजवर उच्चारलं नव्हतं. त्या दिवशी ते उच्चारलं गेलं, आणि ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

सोमवारी सकाळी ते एकटे चावी घेऊन बोळात गेले. चावी टेकवली, कान लावला. काही नाही. डावा कान लावला. काही नाही. आता हे पाण्याचं गप्प बसणं की कानाचं, हे ठरवायचं कसं? ज्या हौदाची त्यांनी सहीनिशी ग्वाही दिली होती, त्याच्यासमोर ते उकिडवे बसले होते आणि तो जिवंत आहे की मेला हे त्यांना सांगता येत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चारचौघांत आलं नाही, हे एक बरं.

त्यांनी मच्छिंद्रला फोन केला. मच्छिंद्र म्हणजे त्यांच्या जागी आलेला चावीवाला, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. तो दहा मिनिटांत आला, कान लावला आणि म्हणाला, "येतंय की काका! एक नंबर!"

पोपटरावांनी त्याच्याकडे पाहिलं. मग आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य त्यांनी तोंडाने म्हटलं. "मच्छिंद्र, मी बहिरा झालोय रे. मला काही येत नाही. माझा मान ठेवू नको, खरं सांग."

मच्छिंद्रने पुन्हा कान लावला. उठला तो खाली बघत. "पहिल्यांदाही नव्हतं आलं, काका. पण तुम्हीच शिकवलंत, तुमच्यासमोर नाही कसं म्हणू?"

"गाढवा," पोपटराव म्हणाले, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तिथून दोघे आगाशेबाईंकडे. पोपटरावांनी सगळं सांगितलं, कानाचं आणि पाण्याचं. बाई ऐकून घेईतोवर त्यांच्या हातातला चहा गार झाला. मग म्हणाल्या, "पोपटराव, मलाही दिवाळीपासून ऐकू येत नव्हतं."

"मग बोलला का नाहीत, बाई?"

"मला वाटलं, माझेच कान गेले!"

झालं. म्हणजे तीन महिने सबंध पेठ एका मुक्या नळाला कान लावून वाहवा करत होती. पोपटरावांना फेरी जाऊ नये म्हणून, बाईंना स्वतःच्या भीतीपोटी, आणि बाकीच्यांना आपण एकटेच मागे राहू नये म्हणून पाणी ऐकू येत होतं. तिघे एकमेकांकडे पाहून हसत सुटले, आणि हसता हसता पोपटराव एकदम गंभीर झाले. म्हणाले, "कान गेला यात माझा गुन्हा नाही, वय आहे. तोंड बंद ठेवलं हा गुन्हा. दिवाळीतच कळलं असतं तर दिवाळीतच नळ उघडला असता."

आता कुठे तुंबलं असेल? नकाशात हा फाटा नव्हताच. पण अण्णांनी दाखवलेली गाळाची टाकी पोपटरावांच्या डोळ्यांपुढे होती. दोन बोळ वर, बंद पडलेल्या एका छापखान्याच्या मागे, शहाबादी फरशीखाली. बाईंनी रीतसर परवानगी आणली. परवानगी आणायला तीन दिवस लागले आणि फरशी उचलायला तीन मिनिटं. आत पाहिलं तर रस्त्याच्या कामातला राडारोडा, सिमेंटचे गोळे, विटांचे तुकडे, आणि वर गाळ. शुक्रवार-शनिवार मच्छिंद्र आणि दोन माणसं घमेली उपसत होती. पोपटराव काठावर बसून सांगत होते, "डावीकडे हळू, तिथे खापरी नळ आहे, फुटला तर पावणेतीनशे वर्षं फुटली." शनिवारी दिवेलागणीला टाकीत पाणी हललं आणि खालच्या तोंडात शिरलं. मच्छिंद्र धावत हौदापाशी गेला, कान लावून आला. "येतंय, काका. बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे... बहुतेक."

"मग नाही," पोपटराव म्हणाले. "आता बहुतेकवर सही करायची नाही." मग म्हणाले, "अण्णा एक करायचे. कोणता नळ कोणाच्या घरी जातो ते कळेना, की वरच्या टाकीत हळद टाकायचे. जिथे पिवळं निघेल ते घर."

आगाशेबाई तिथेच टाकीपाशी उभ्या होत्या. "आणि समितीसमोर हळद नाही आली तर?"

"तर हौदाचं पाणी बंद आहे असं आपणच लिहून देऊ, बाई. पार्किंग तर पार्किंग."

रविवारी सकाळी सुंदराबाई मंडईतून दोन किलो हळद घेऊन आली. समितीचे तीन जण आले. अध्यक्ष आप्पासाहेब, निवृत्त इंजिनिअर, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात वही. नेहमीचे पंधराएक लोकही होते. पोपटरावांनी फेरी नेहमीच्या जागी सुरू केलीच नाही. सगळ्यांना छापखान्यामागे नेलं आणि टाकीच्या काठावर उभं राहून म्हणाले, "आधी एक सांगतो. अर्जात मी लिहिलंय की मी दर रविवारी पाणी ऐकतो. ते खोटं आहे. मला दीड वर्ष नीट ऐकू येत नाही. दिवाळीपासून पाणी बंद होतं, मला कळलं नाही. तो जबाब मी मागे घेतो."

इतक्या पुणेकरांच्या तोंडावर "मला कळलं नाही" म्हणणारा माणूस जमलेल्यांनी प्रथमच पाहिला होता. आप्पासाहेबांनी वही उघडली, पेन काढलं आणि काहीच लिहिलं नाही.

"मग आम्हाला कशाला बोलावलंत?" त्यांनी विचारलं.

"टाकी काल उपसली. पाणी पुढे जातंय की मध्येच मुरतंय, मला ठाऊक नाही. तुमच्या देखत बघू." असं म्हणून त्यांनी सुंदराबाईच्या हातातली पिशवी घेतली आणि हळद पाण्यात सोडली. पाणी पिवळंधमक झालं, गोल फिरलं आणि नळाच्या तोंडात गेलं.

"चला आता," पोपटराव म्हणाले. "ते खालून येतंय, आपण वरून जाऊ."

त्या दिवसासारखी फेरी पुन्हा झाली नाही असं जे बरोबर होते ते अजून सांगतात. घाई नव्हती. पाण्याच्या चालीने चालायचं होतं. "इथे नळ वळतो," पोपटराव एका पिठाच्या गिरणीपुढे म्हणायचे, आणि सगळे वळायचे. "इथे उच्छ्वास," म्हणायचे, आणि लोक विटांच्या खांबावर हात ठेवून उभे राहायचे. कोणी फोटो काढत नव्हतं. सगळे खाली बघून चालत होते, पायाखाली कोणी झोपलेलं असावं तसे.

हौदापाशी झाकण मच्छिंद्रने बाजूला केलं होतं. पाणी काळं होतं. वीस मिनिटं गेली, काळंच. पंचवीस झाली. वरच्या गॅलरीतून एक आजोबा ओरडले, "काय हो, कोणी पडलंय का आत?"

"नाही," आगाशेबाई म्हणाल्या.

"मग एवढी गर्दी? कोणी पडल्यावर या."

समितीतल्या एका गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. दुसऱ्यांनी पाहिलं. चाळीस मिनिटांनी आप्पासाहेबांनी घसा खाकरला आणि पेनचं टोपण काढलं. आगाशेबाई भिंतीला टेकल्या. पोपटराव हौदाच्या काठाशी बसले होते, नजर पाण्यावर. मनात पणजी होती. ती दुपारपर्यंत उभी राहायची, आपण पाऊण तासात हातपाय का गाळावेत, असं त्यांना वाटत होतं.

"अगं बया!" सुंदराबाई म्हणाली.

कोपऱ्यात, खोल, दोऱ्याएवढं काहीतरी पिवळं उठत होतं. मग बोटाएवढं झालं. मग बघता बघता वर आलं आणि पसरलं, आणि सगळा चिमणहौद हळदीने भरला. लोक ओरडले. मच्छिंद्रने शिट्टी मारली. आगाशेबाई चक्क रडायला लागल्या आणि "डोळ्यांत काहीतरी गेलं" म्हणून पदर लावला. गॅलरीतले आजोबा लगबगीने खाली आले, एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात नव्हती. सुंदराबाईने वाकून हात बुडवला, पिवळी बोटं नवऱ्याच्या गालाला पुसली आणि म्हणाली, "पासष्टी उलटल्यावर हळद लावून घेतली, ती पन हौदाच्या जोडीनं!"

हशा पिकला. आप्पासाहेबांनी वहीत लिहिलं, मोठ्याने वाचून दाखवलं: "पाणी चालू. समक्ष पाहिले." आणि खाली सही केली. मग त्यांना वाटलं, या माणसाचा मान राहायला हवा. ते नरमाईने म्हणाले, "ओव्हाळ, आता तुम्हीच पहिल्यांदा ऐका. तुमचाच मान आहे."

पोपटराव वाकले. चावी नळावर टेकवली, कान लावला. आजूबाजूला वीस माणसं श्वास धरून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. सगळ्यांना वाटत होतं की म्हाताऱ्याला ऐकू यावं. त्यांनी नुसती मान डोलवली असती, एक "वा" म्हटलं असतं, तरी सगळी पेठ खूश होऊन घरी गेली असती.

त्यांनी कान काढला. "नाही," ते म्हणाले. "मला नाही येत."

सुंदराबाई पुढे झाली. तिने त्यांच्या हातून चावी घेतली, तिथेच बसकण मारली आणि कान लावला. या खेपेस फार वेळ लागला नाही. मग तिने आपलं तोंड त्यांच्याकडे वळवलं, ओठ त्यांना नीट दिसतील असं, आणि सावकाश म्हणाली, "मला येतंय. बारीक हाय, पन येतंय. बसा, मी सांगते."

आणि ते बोळाच्या आत, हौदाच्या काठावर, तिच्याशेजारी बसले.